एकावर एक दोन रिंगा: ऑइल फिल्टरच्या गळतीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी छोटी, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची. मालक ती रोज वापरणारे आणि ऑइल वेळच्या वेळी बदलून घेणारे. काम केलं त्यांच्या भाच्याने, म्हणून मालकांना इथे मामाच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. भाचा हाताचा चांगला. मोटरसायकलचं इंजिन त्याने उघडून परत बसवलेलं आहे, पाना कुठे लावायचा आणि कुठे नाही याची जाण आहे. त्यामुळे ‘नवशिक्याने घोळ घातला’ म्हणून हे प्रकरण निकालात काढता येत नाही. जी पायरी सुटली ती रोज हेच काम करणाऱ्यांच्या हातूनही सुटते. माझा संबंध आला तो गाडी रस्त्यात थांबल्यावर, मामांचा फोन आला तेव्हा.

फिल्टर फिरवून बसवायच्या जातीचा, म्हणजे पत्र्याचा बंद डबा. त्याच्या तोंडाला मधोमध आटे, आट्यांभोवती ऑइल आत जायची भोकं आणि कडेच्या खाचेत बसवलेली रबराची रिंग. इंजिनच्या ब्लॉकमधून आट्यांची एक आखूड नळी बाहेर आलेली असते. डबा तिच्यावर चढतो आणि रिंग ब्लॉकच्या सपाट तोंडावर दाबली जाते. ऑइल अडवण्याचं सगळं काम त्या रिंगचं. आटे ऑइल अडवत नाहीत, ते फक्त डबा धरून ठेवतात.

किती आवळायचा हे बहुतेक फिल्टरच्या डब्यावरच छापलेलं असतं. रिंग टेकल्यापासून पाऊण फेरा हे सर्रास, काहींवर अर्धा ते पाऊण, काहींवर पूर्ण एक. हा आकडा अंदाजपंचे नाही. आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे एका फेऱ्यात डबा दीड मिलिमीटर पुढे सरकतो. पाऊण फेऱ्यात रिंग सुमारे १.१ मिलिमीटर दाबली जाते. रबराला घट्ट बसायला एवढं पुरतं. पान्याने आणखी आवळलं की रबर खाचेबाहेर फुगतं, चपटं होतं आणि महिनोन्‌महिने गरम-थंड होत ब्लॉकला चिकटतं. त्यातून रिंग कोरडीच बसवली असेल तर बघायलाच नको.

या गाडीत आधीच्या सर्व्हिसिंगला असंच काही झालं असावं. कुणी काय केलं ते मी पाहिलेलं नाही, पण जुन्या डब्याच्या बुडाच्या पैलूंवर पान्याचे ओरखडे होते आणि रिंगची अवस्था पुढे सांगणारच आहे.

काम कसं झालं

इंजिन थोडं गरम केलं, गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवली, ड्रेन बोल्ट काढून ऑइल उतरवलं, बोल्टला नवा वॉशर घातला. इथवर सगळं रीतसर.

फिल्टर हाताने हलेना. भाच्याने साखळी पाना लावून झटके दिले. डबा चेपला, पण सुटला. सुटताक्षणी गरम ऑइलची धार मनगटावरून कोपराकडे आली आणि कामाची लय तिथेच बिघडली. डबा घाईघाईने खालच्या ट्रेमध्ये गेला, तोंड खाली करून. मग हात पुसा, जमिनीवरचं टिपा, टाकाऊ ऑइल कॅनमध्ये भरा. या सगळ्यात जुन्या डब्याचं तोंड कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खाच रिकामी दिसली असती, कारण रिंग ब्लॉकवरच राहिली होती.

ब्लॉकचं तोंड पुसलं नाही असंही नाही. फडकं घेऊन, खालून हात घालून, चाचपत पुसलं. पण या गाडीत फिल्टरची जागा इंजिनच्या मागे, एक्झॉस्टच्या पाइपाआड. तिथे बोटं पोचतात, नजर पोचत नाही. चपटी, कडक झालेली आणि ऑइलने माखलेली रिंग बोटाला धातूच्या कडेसारखीच लागते. पुसून झालं, हाताला खरखर लागली नाही, म्हणजे तोंड साफ असं त्याने धरलं.

नव्या फिल्टरच्या रिंगला ताजं ऑइल लावलं, आटे हातानेच धरले, रिंग टेकली, तिथून पाऊण फेरा. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. एकच गोष्ट त्याला खटकली होती, ती त्याने नंतर सांगितली. जुना डबा सुटल्यावर हातात येईपर्यंत बराच फिरवावा लागला होता, नवा मात्र दोन-तीन फेऱ्यांतच टेकला. फिल्टर वेगळ्या कंपनीचा आहे, आटे थोडे कमी असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली. तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीची रिंग मध्ये असेल तर डबा दोन-एक फेरे आधीच टेकणार. हिशेब सरळ आहे, पण तो करायचं तेव्हा सुचत नाही.

थेंब आणि पाव फेरा

इंजिन सुरू केलं. रिकामा फिल्टर भरायला लागतात तेवढे दोन-चार सेकंद गेले आणि ऑइलचा लाल दिवा विझला. आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, सगळं कोरडं. मग जरा रेस केल्यावर डब्याच्या वरच्या कडेने एक थेंब घसरत खाली आला. पुसला, परत आला.

पुढचं सगळं ठरलं ते इथे. त्या वेळी समोर चार वाटा होत्या. फिल्टर आणखी थोडा आवळायचा. उतरवून दोन्ही तोंडं बघायची. हा फिल्टर सदोष धरून दुसरा आणायचा. नाहीतर थेंबच तर आहे म्हणून दोन दिवस चालवून बघायचं.

उतरवून बघणं कुणाच्या जिवावर येतं याचं एक साधं कारण आहे: आत्ताच भरलेलं महागडं ऑइल परत जाईल ही भीती. बहुतेक गाड्यांत ती निराधार असते. इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं ते चेंबर. फिल्टर त्या चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर बसतो, त्यामुळे तो काढला तरी डब्यात आणि वरच्या वाटांत असलेलं ऑइलच सांडतं, साधारण पाव लिटर. चेंबरमधलं जागच्या जागी राहतं. म्हणजे बघायची किंमत एक स्वच्छ भांडं आणि थोडा वेळ. हे भाच्याला माहीत असतं तर त्याने कदाचित वेगळा निर्णय घेतला असता, असं तो स्वतःच म्हणाला.

प्रत्यक्षात संवाद झाला तो असा:

“मामा, रबर नवीन आहे, बसायला वेळ घेतंय. पाव फेरा मारला की बंद होईल.”

“मार मग. पण फार जोर लावू नकोस. मागचा कसा अडकला होता, बघितलंस ना?”

साखळी पान्याने पाव फेरा. थेंब थांबला. जवळच एक चक्कर मारून आले, परत खाली वाकून पाहिलं, कोरडं. काम झालं.

थेंब थांबला हे खरं आहे, आणि घात त्यानेच केला. पाव फेरा म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर. तेवढ्याने वरची नवी रिंग खालच्या जुन्या रिंगवर आणखी दाबली गेली आणि दोहोंमधली फट मिटली. पण खालची रिंग कशातच अडकलेली नव्हती. नव्या रिंगला डब्याची खाच धरून ठेवते. जुनी रिंग ब्लॉकच्या गुळगुळीत तोंडावर उघडी पडलेली, तिला बाजूला सरकायला कुणाची आडकाठी नाही. रबरावर रबर, मध्ये ऑइल. दाब पुरेसा वाढला की ती बाहेर ढकलली जाणारच होती.

आणि चाचणी कधी झाली बघा. इंजिन गरम, ऑइल पातळ, गाडी हळू. गरम इंजिनात आयडलवर ऑइलचा दाब १ बारच्या (बार हे दाब मोजायचं माप) आसपास असू शकतो. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, रेस दिली की दाब रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारी झडप) उघडेपर्यंत चढतो, आणि तो आकडा बऱ्याच इंजिनांत ४ ते ६ बारच्या दरम्यान असतो. रिंगच्या आतला व्यास ६० मिलिमीटर धरला तर १ बारला डब्यावर बाहेरच्या दिशेने साधारण २९ किलोचा रेटा येतो आणि ५ बारला १४० किलोच्या वर. दोघांनी पाहिलं ते २९ किलोला टिकतं का, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी

रात्रभर थंड झालेलं इंजिन. मामांनी गाडी सुरू केली आणि लगेच निघाले. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली तेव्हा आधी जळकट वास आला, मग बॉनेटच्या मागच्या फटीतून पांढरा धूर, आणि त्याच सुमारास लाल दिवा. मामांनी क्लच दाबला, गाडी उतरत्या कडेला घेतली, थांबवली आणि इंजिन बंद केलं.

हे सगळं काही सेकंदांत झालं. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो गाडीतलं फारसं न कळणाऱ्या माणसाने घेतला. पेट्रोलचा दिवा लागला तरी आणखी थोडं अंतर जाता येतं, त्या सवयीने लोक ऑइलच्या दिव्यालाही मुदत असल्यासारखं वागतात. ऑइलच्या दिव्याचं बटण साधारण ०.३ ते ०.५ बारला जोडलं जातं. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब कमी झालेला नसतो, जवळपास संपलेला असतो. क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरत असतो. पंपाकडून पुरवठा थांबला की धातूला धातू लागायला वेळ लागत नाही. ‘पुढच्या वळणावर बाजूला घेतो’ म्हणणारी माणसं आणि सीझ झालेली इंजिनं या दोन्हींशी माझी चांगली ओळख आहे.

फक्त एक सांगून ठेवतो. गाडी पळत असताना घाबरून किल्ली पूर्ण फिरवून काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते. आधी कडेला, मग बंद. दोन्ही लवकर.

रस्त्यावर काय करायचं

भाचा पाच लिटरचा कॅन आणि साखळी पाना घेऊनच पोचला. त्याचं म्हणणं, “मामा, फिल्टर आवळतो, ऑइल ओततो आणि आयडलवर हळूहळू घरी नेऊ. थोडंच तर अंतर आहे.” मामांनी तेवढ्यात मला फोन लावला.

तिन्ही पर्याय बोलून झाले. नुसतं ऑइल ओतून नेणं म्हणजे पंपाला आणखी ऑइल बाहेर फेकायला देणं. पंप मिनिटाला कित्येक लिटर ऑइल फिरवतो आणि फिल्टर त्याच्या मुख्य वाटेवर असतो, त्यामुळे तिथे तोंड उघडं पडलं की ओतलेलं पुरत नाही. आवळून नेणं म्हणजे कालचाच उपाय परत. शिवाय सांडलेलं ऑइल एक्झॉस्टवर होतं, धूर अजून येत होता आणि गरम एक्झॉस्टवरचं ऑइल पेट घेऊ शकतं. मी एवढंच म्हटलं की इंजिन ‘बघण्यापुरतं’सुद्धा सुरू करू नका, धूर पूर्ण थांबेपर्यंत खाली हात घालू नका, गाडी टो करून आणा. भाच्याला ते अति वाटलं. मामांनी ऐकलं. रस्त्यावरच्या ऑइलवर कोरडी माती पसरून ते निघाले.

तपासणी

गाडी आल्यावर लगेच फिल्टर काढायचा मोह मी आवरला. गळतीची जागा पुसण्याआधी बघायला मिळते ती एकदाच. आरसा आणि टॉर्च घेऊन खालून पाहिलं. डबा आणि ब्लॉक यांच्या मधून, एका बाजूला, रबराची काळी चंद्रकोर बाहेर आलेली. तेवढ्यावरच उत्तर मिळालं होतं, तरी बाकीचे संशयितही तपासले, कारण एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नसतंच असं नाही.

पहिला संशयित रिलीफ व्हॉल्व्ह. तो अडकला तर दाब बेसुमार वाढतो आणि फिल्टरचा डबा बुडाकडून फुगतो. हा डबा साखळीने चेपला होता, पण फुगलेला नव्हता.

दुसरा, चुकीचे आटे. फिल्टरमध्ये दोन माप फार जवळजवळची आहेत: एक २० मिलिमीटरचं, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचं, आणि दुसरं पाऊण इंची, इंचाला १६ आटे असलेलं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. २० चा डबा पाऊण इंची नळीवर चढतो, टेकतो, थोडाफार आवळलाही जातो. पकड मात्र आट्यांच्या टोकांपुरतीच राहते आणि दाबाखाली डबा सुटून येऊ शकतो. ‘दिसायला तसाच आहे’ म्हणून आणलेल्या फिल्टरमध्ये ही चूक होते आणि ती दोन रिंगांपेक्षा भयंकर. इथे फिल्टरचा नंबर गाडीच्या यादीशी जुळत होता, आणि मोजपट्टीने आटेही बरोबर निघाले.

तिसरी, ब्लॉकच्या तोंडावर खोच किंवा नळी सैल. जुना फिल्टर जोर लावून काढताना कधी कधी आट्यांची नळीच त्याच्याबरोबर सुटून येते. नळी जागेवर घट्ट होती.

फिल्टर उतरवला. नवी रिंग डब्याच्या खाचेत, एका बाजूला थोडी कातरलेली. जुनी ब्लॉकवर, तीन बाजूंनी चिकटलेली आणि चौथ्या बाजूने बाहेर आलेली. नखाने उचकटली तेव्हा तुकड्यातुकड्याने निघाली. हातात वाकवल्यावर मोडत होती. रबर म्हणायचं ते नावापुरतं.

इंजिनचं काय

आता दुसरा अवघड निर्णय. दिवा लागून इंजिन काही सेकंद चाललं होतं. चेंबर खाली घेऊन बेअरिंगची शेल्स (क्रँकशाफ्टला धरणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) तपासायची का? मनात धाकधूक असलेला मालक हो म्हणतो आणि काम मिळतंय म्हणून गॅरेजवालाही नाही म्हणत नाही. मी आधी स्वस्तातले पुरावे गोळा करायचं ठरवलं.

ड्रेन बोल्ट काढून मोजलं तर साडेतीन लिटरपैकी दीड लिटरच्या आसपास ऑइल चेंबरमध्ये उरलेलं होतं. म्हणजे दिवा लागला तो मुख्यतः गळतीने दाब पडल्यामुळे, पंपाने नुसती हवा ओढत राहिल्यामुळे नसावा. ऑइल उन्हात, उथळ ट्रेमध्ये हलवून पाहिलं, चमक नव्हती. मग कालचाच फिल्टर कापला. यासाठी कटर लागतो. हॅकसॉने कापलं तर पत्र्याचा कीस आतल्या कागदावर पडतो आणि नसलेला रोग दिसायला लागतो. कागदाच्या चुण्या उलगडून उजेडात पाहिल्या, चुंबकही फिरवला. पण बेअरिंगच्या शेल्सचा आतला थर चुंबकाला चिकटणाऱ्या धातूचा नसतो, म्हणून इथे चुंबकापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो. चकाकणारे चट्टे दिसले नाहीत.

यावर मी मत दिलं की चेंबर उघडू नये. आधी दाब मोजावा, आवाज ऐकावा, आकडा पुस्तकातल्या मर्यादेखाली आला तरच उघडावं. मामांना दोन्ही बाजू सांगितल्या: न उघडण्यात थोडी जोखीम राहते, आणि उघडण्यातही चांगलं बसलेलं सैल करण्याची जोखीम असतेच. त्यांनी न उघडण्याचं ठरवलं.

पुन्हा बसवताना

बसवलं भाच्यानेच. मी टॉर्च धरला.

ब्लॉकचं तोंड धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसलं, चिकटलेले रबराचे कण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर वापरला तर मऊ धातूवर ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच पाझरतं. आरशात पूर्ण गोल फिरून पाहिलं, चारही बाजूंना धातू चमकताना दिसला, नंतर नख फिरवून पायरी लागत नाही याची खात्री केली. बोट फसतं, नख सहसा फसत नाही.

कालचा डबा चेपलेला आणि कापलेला, म्हणून फिल्टर नवाच. तो बाहेर काढून तोंडात खोक्याचा कागदाचा कण तर नाही ना, रिंग खाचेत सगळीकडून सारखी बसली आहे ना, हे पाहिलं. रिंगला ऑइलचा पातळ हात. यामुळे टेकल्यानंतर रिंग डब्याबरोबर पिळली न जाता सरकते, आणि पुढच्या वेळी सुटायलाही सोपी जाते. फिल्टर आडवा बसतो म्हणून आत ऑइल भरून ठेवण्यात अर्थ नव्हता, सांडलंच असतं. तोंड वर करून बसणारा फिल्टर असेल तर थोडं भरून घ्यायला हरकत नाही.

आटे धरताना डबा आधी उलटा हलकाच फिरवला, आट्याची सुरुवात ‘टक्’ करून खाली बसते ती जाणवल्यावर सुलटा. अशाने आटे तिरके चढत नाहीत. या वेळी फेरे मोजले. टेकायला कालच्यापेक्षा दोन-अडीच फेरे जास्त लागले आणि भाचा न विचारता म्हणाला, “काल इथपर्यंत आलाच नव्हता.” टेकला तिथे डब्यावर आणि ब्लॉकवर मार्करने समोरासमोर रेघ मारली, मग दोन्ही हातांनी पाऊण फेरा. पाना नाही. ऑइल लागलेला हात घसरत असेल तर कोरडं फडकं धरावं. जागा अडचणीची असेल आणि हातात जोरच येत नसेल तर बुडावर बसणारा टोपीसारखा पाना लावायला माझी ना नाही, पण रेघ बघत आणि पाऊण फेऱ्यावर थांबून.

सुरू करण्याआधी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल, दिव्याच्या बटणाच्या जागी दाबाचं मीटर लावलं आणि स्टार्टरने थोडं-थोडं फिरवून मीटरवर काटा उचलल्यावरच फ्यूज परत घातला. नंतर इंजिन सुरू. थंड असतानाचा दाब, गरम झाल्यावर आयडलचा दाब, दोन्ही पुस्तकात दिलेल्या मर्यादेत. खालून खडखड नाही. मीटर उतरवून बटण परत लावलं, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलो आणि मग डिपस्टिक पाहिली. फिल्टरने पोटात घेतलेलं ऑइल वर घालावं लागलं.

गाडी त्या दिवशी दिली नाही. रात्रभर उभी ठेवली, सकाळी थंड असताना सुरू करून रेस दिली, एक्झॉस्टमागे आरसा धरून पाहिलं आणि मगच किल्ली दिली.

काय झालं पुढे

गळती परत आली नाही. ५०० किलोमीटरनंतर फिल्टर मुद्दाम लवकर काढला. हलक्या झटक्यात सुटला, रिंग खाचेतच राहून त्याच्याबरोबर आली. कापून पाहिला, कागद स्वच्छ. एक्झॉस्टवर उरलेल्या ऑइलचा वास मात्र कितीतरी दिवस गेला नाही आणि त्या वासाने मामा उगाच दचकायचे, ते साहजिकच होतं. पहिल्या दिवशीच तो भाग डिग्रीझरने नीट धुवायला हवा होता. तसं केलं असतं तर नव्या गळतीची शंका आली तरी लगेच ताळा करता आला असता.

त्या काही सेकंदांत बेअरिंगची थोडी झीज झाली का, हे न उघडता सांगता येत नाही. दाब आणि आवाज ठीक आहेत, फिल्टर स्वच्छ आहे, म्हणजे झाली असली तरी दखल घेण्याइतकी नाही, एवढंच म्हणता येतं. माझ्या ओळखीचे एक जुने मिस्त्री या निर्णयाशी सहमत नाहीत. त्यांच्या मते एकदा दिवा लागला की एक तरी शेल उघडून बघायलाच हवं.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या फिल्टरच्या तोंडावर रिंग दिसेपर्यंत नव्याचं खोकं फोडायचं नाही, हा नियम भाच्याने आता करून घेतला आहे. त्याला दोन सेकंद लागतात. काढलेला डबा ट्रेमध्ये तोंड वर करून ठेवला तरी तेच साधतं.

या प्रकरणावर बोलताना एकाने विचारलं की टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) वापरला असता तर वाचलं असतं ना? नाही. दोन रिंगा असल्या तरी टॉर्कचा आकडा व्यवस्थित येतो, कारण पान्याला फक्त विरोध कळतो, तो कशाचा आहे ते कळत नाही. फेरे मोजणं इथे जास्त उपयोगी ठरलं असतं. डबा लवकर टेकला हा संकेत मिळालेला होता, तो बोलून दाखवला असता तर मामांनी कदाचित ‘काढून बघ’ म्हटलं असतं.

पाझर दिसला आणि आवळला, हे मी सरसकट चूक म्हणणार नाही. फिल्टर अर्धा फेराच बसला असेल आणि डब्यावर पाऊण लिहिलं असेल, तर तेवढं पुरं करणं योग्यच. पण सांगितलेला फेरा पूर्ण झाल्यावरही पाझरत असेल, तर कारण आवळण्यात नाही, रिंगच्या आसपास आहे आणि ते उतरवल्याशिवाय दिसणार नाही.

ज्यांच्या गाडीत पत्र्याच्या डब्याऐवजी झाकणाच्या आत घालायचा कागदी फिल्टर आहे, त्यांना यातलं सगळं लागू पडत नाही. तिथे झाकणाची ओ-रिंग बदलायची असते आणि ती झाकणावरच्या नेमक्या खाचेत बसली पाहिजे. शेजारच्या आट्यांत किंवा चुकीच्या खाचेत बसली की पाझर ठरलेला. झाकण प्लास्टिकचं असेल तर जास्त आवळल्याने ते तडकतं. तिथे टॉर्क पाना खरोखर कामाचा आहे. बऱ्याच झाकणांवर २५ न्यूटन-मीटर असा आकडा कोरलेलाच सापडतो, आणि नसेल तर गाडीच्या पुस्तकात असतो. जुनी ओ-रिंग मात्र तिथेही हातात आलेली दिसली पाहिजे.